क्लिकर, कार्ड की मोबाईल? आधी माडाचं वजन विचारा

प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी गोव्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षांपासून बायोटेक शिकवते. एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, वर्गात ७५ मुलं आहेत. 'समजलं का?' विचारलं की सगळी मान डोलावतात, आणि आयएसएचे (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेचे) पेपर तपासायला घेतले की कळतं, अर्ध्या वर्गाला काहीच समजलेलं नव्हतं. कॉलेजला थोडा निधी मिळालाय, त्यातून क्लिकर, म्हणजे प्रत्येक मुलाने बटण दाबून उत्तर द्यायची यंत्रं, घ्यावेत असं चाललंय. घ्यावेत का? मोबाईलवर भागेल का? उत्तरांना गुण द्यावेत का? आणि या सगळ्यात पोर्शन कसा संपवायचा?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, २६ वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं तरी मी जवळजवळ प्रत्येक तासाला वर्गाकडून अशी उत्तरं घेत आले आहे. क्लिकर वापरले, मोबाईल वापरले, रंगीत पुठ्ठेही वापरले. म्हणून आधी सरळ सांगते: आत्ता क्लिकर घेऊ नका. एक पूर्ण सेमिस्टर कागदी कार्डांवर काढा. तोवर तुमच्याकडे चांगले चाळीस-पन्नास प्रश्न जमले, तर मग यंत्राचा विचार करा. प्रश्नांआधी यंत्र आलं तर ते कपाटात पडून राहतं.

आता ती मान डोलावण्याची गोष्ट. आपल्याकडची कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात, पाचवीला इंग्रजीत येतात आणि कॉलेजात पोचेपर्यंत एक गोष्ट पक्की शिकलेली असतात: गप्प राहिलं की चूक होत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणहून पहाटेची कदंब बस पकडून आलेली मुलगी हुशार असते, तिला शंका असते, पण ७५ जणांसमोर उभं राहून इंग्रजीत शंका विचारायची म्हणजे दोन परीक्षा एकदम. ती मान डोलावते. पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तरं देतात आणि आपल्याला वाटतं, वर्ग बोलतोय. क्लिकर म्हणा, कार्ड म्हणा, त्याचं पहिलं काम इथे आहे. तोंड न उघडता, कोणी न पाहता, प्रत्येकाला एक मत देता येतं. पहिल्यांदा मी असं मत घेतलं तेव्हा वर्ग किती मागे राहिला होता ते मला दिसलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

माझा आवडता प्रश्न सांगते, म्हणजे बाकीचं समजेल. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण मुलं शाळेपासून घोकत आलेली असतात, कोणीही फळ्यावर लिहून दाखवतं. मी ते पुसते आणि विचारते: तुमच्या अंगणातला माड घ्या. त्याच्या खोडातलं सगळं पाणी वाळवून काढलं. जे उरलं, त्या वजनातला सर्वांत मोठा वाटा मुळात कुठून आला? अ, मातीतून. ब, मुळांनी शोषलेल्या पाण्यातून. क, हवेतून. ड, सूर्यप्रकाशातून.

दरवर्षी निम्म्याहून जास्त मुलं माती म्हणतात. हवा म्हणणारी जेमतेम एक तृतीयांश. समीकरणात कार्बन डायऑक्साइड आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण ते समीकरण वहीतलं आणि माड परसातला, दोघांची गाठ कधी पडलेलीच नसते.

मी उत्तर सांगत नाही. किती जणांनी काय म्हटलं तेही दाखवत नाही. एवढंच सांगते, "ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा. तीन मिनिटं." आणि मी बाकांच्या मधून फिरते. एका वर्षी तिसऱ्या बाकावर दोघी जणी होत्या. एक म्हणाली, "मागीर माडाक मीठ कित्याक घालतात?" (मग माडाला मीठ कशाला घालतात?) आळ्यात मीठ, शेण, राख घालताना तिने घरी लहानपणापासून पाहिलेलं. दुसरी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "जेवणांत घालतात तशें. मिठान पोट भरता?" मागच्या बाकावरचा मुलगा तोवर ऐकत होता. तो म्हणाला, घरी न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली एवढा मोठा ओंडका जळतो आणि सकाळी राख उरते मूठभर. मातीतून आलेलं असतं ते एवढंच. बाकीचं गेलं कुठे? धूर होऊन हवेत. मग आलं पण हवेतूनच असणार.

त्या मुलाने त्याआधी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. आणि त्याने जे सांगितलं ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. खनिजं राखेत उरतात, ती सुक्या लाकडाच्या वजनात फार थोडी असतात. कार्बन आणि ऑक्सिजन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतात, पाण्यातून मिळतो तो हायड्रोजन, आणि तो वजनाला हलका. हे मी स्लाइडवर दाखवलं असतं तर मुलांनी उतरवून घेतलं असतं. न्हाणीतली राख मात्र ती विसरणार नाहीत.

दुसऱ्यांदा मत घेतलं की वर्ग 'क'कडे सरकलेला असतो. मग मी व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगते. सतराव्या शतकातला हा फ्लेमिश वैद्य. त्याने वाळवून मोजून घेतलेल्या २०० पौंड मातीत विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६४ पौंडांनी वाढलं, म्हणजे साधारण ७४ किलो, आणि माती कमी झाली दोनेक औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. म्हणजे त्याचं उत्तर 'ब'. 'ब' दिलेल्या मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. आपण मूर्ख नव्हतो, मोठ्या माणसाच्या वाटेवर होतो, हे त्यांना कळतं. चुकीच्या उत्तराला मान मिळाला की पुढच्या तासाला खरी मतं येतात.

ही पद्धत माझी नव्हे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांनी १९९१ पासून ती वर्गात आणली. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची, पण बलाबद्दल साध्या भाषेतला प्रश्न आला की चुकायची. अशी एक चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? माडाचा प्रश्न आपल्या मुलांसमोर नेमका हाच पेच टाकतो. तिकडे सुरुवात हात वर करण्यापासून झाली, यंत्रं मागाहून आली. यंत्रं तशी त्याच्याही आधीची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांत १९६० च्या दशकातच तारांनी जोडलेल्या बटणांचे वर्ग होते, पण बटण दाबल्यावर मुलांनी आपसात बोलायचं हे तेव्हा रुजलेलं नव्हतं.

तुमच्या मनात येईल की हुशार मुलगा सांगतो आणि बाकीचे त्याचं ऐकून मत बदलतात, यात शिकणं कुठे आलं? मलाही हीच शंका होती. मिशेल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोराडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात हेच तपासलं आणि २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा, वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं असं दिसत होतं, त्यांचीही उत्तरं सुधारलेली निघाली. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. नुसती चर्चा किंवा शिक्षकाचं नुसतं स्पष्टीकरण, यापेक्षा आधी चर्चा आणि मग स्पष्टीकरण याचा फायदा जास्त. म्हणून चर्चा झाली, बरोबर उत्तर आलं, चला पुढे, असं करू नका. शेवटची पाच मिनिटं तुमची. 'अ' का चूक, 'ब' कुठवर बरोबर, हे तुम्हीच नीट सांगायला हवं.

आकडा पाहून काय करायचं, याचा ठोकताळा असा. पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर चर्चेला सोडा. त्याहून कमी असतील तर बोलण्यासारखं कोणाकडे काही नसतं, विषय पुन्हा समजावा आणि मग विचारा. त्याहून जास्त असतील तर दोन वाक्यांत उलगडून पुढे जा. हा कायदा नाही, पण नवीन असताना हाताला आधार देतो. चर्चेआधी मतांचा स्तंभालेख पडद्यावर अजिबात दाखवू नका. मुलं उंच स्तंभाकडे पळतात, तो चुकीचा असला तरी. यावर अभ्यास झालेला आहे, आणि आपल्या वर्गात तुम्हाला तो एका दिवसात पटेल.

चर्चा कोणत्या भाषेत? मुलांच्या. माझे काही सहकारी यावर नाराज असतात: मुलं कोकणीत, मराठीत बोलली तर परीक्षेत इंग्रजीत काय लिहिणार? माझं म्हणणं असं, की आधी विचार होऊ दे, भाषा मागून आणता येते. दुसऱ्या मतानंतर मी दोन मिनिटं देते: कारण इंग्रजीत एका वाक्यात वहीत लिहा. दोघा-तिघांची वाक्यं वाचून घेते, फळ्यावर मिळून नीट करते. आयएसएला तेच वाक्य कामाला येतं. हे टाळलंत तर सहकाऱ्यांची तक्रार खरी ठरेल, म्हणून टाळू नका.

आता साधनं. आमच्या कॉलेजात मी येण्याआधीच एका निधीतून क्लिकरचा संच घेतलेला होता. हातात मावणारं बटणांचं यंत्र, रेडिओ लहरींवर चालणारं, संगणकाला लावायचा एक रिसीव्हर. इंटरनेट लागत नाही, मोबाईल बाहेर काढावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण वाटायला पाच मिनिटं, गोळा करायला पाच मिनिटं, आणि तासभराच्या लेक्चरमधली दहा मिनिटं अशी गेली की शिक्षक वैतागतो. पहिल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सेल आत तसेच ठेवून कपाट बंद केलं. जूनमध्ये उघडलं तर बऱ्याच यंत्रांतले सेल पाझरलेले, पट्ट्यांवर हिरवट थर. आपली दमट खारी हवा कोणाला सोडत नाही. विकणाऱ्याने पट्ट्या बदलून मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. घेणारच असाल तर सुट्टीआधी सेल काढा आणि यंत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. विकत घेतानाच विचारा: सॉफ्टवेअरचे दरवर्षी पैसे भरावे लागतात का, एका रिसीव्हरवर किती यंत्रं चालतात, सुटे भाग मिळतात का, आणि उत्तरांची यादी साध्या एक्सेलमध्ये उतरवता येते का. शेवटचं नसेल तर घेऊच नका.

मोबाईलवर मेंटिमीटर, काहूट, स्लायडो, गुगल फॉर्म, सगळं चालतं. मोफत प्रकारात किती मुलं सामावतात यावर मर्यादा असते आणि ती बदलत राहते, तेव्हा सेमिस्टर सुरू होताना तपासून घ्या. काहूटमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. उजळणीला, सुट्टीआधीच्या तासाला छान. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नाला ते घातक, कारण इथे आपल्याला सावकाश उत्तर हवं असतं. घड्याळ बंद ठेवता येत असेल तरच वापरा. बाकी अडचणी तुम्हाला माहीत आहेत. ७५ फोन एकदम एका राऊटरवर आले की तो गुदमरतो. जुन्या जांभ्या दगडाच्या इमारतीत मागच्या बाकांना रेंज नसते, पावसात वीज गेली की वायफायही गेलं. आणि एखाद्या मुलाचा डेटा पॅक संपलेला असतो, तो ते सांगत नाही, फोनकडे बघत बसतो. मोबाईल वापरलात तर दर वेळी चार कागदी कार्डं टेबलावर ठेवत जा, कोणी न मागता घेऊन जाईल असं.

माझा भर कार्डांवर आहे. प्लिकर्स नावाची सोय तुम्ही पाहिली असेल. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचं एक छापील कार्ड, प्रत्येकाची नक्षी वेगळी. कार्ड ज्या बाजूने वर धराल ते तुमचं उत्तर. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतो आणि कॅमेरा सगळी उत्तरं वाचतो. फोन फक्त शिक्षकाचा. अक्षरं इतकी बारीक छापलेली असतात की शेजाऱ्याला दिसत नाहीत, आणि आपल्याला हवं ते नेमकं हेच. पण संच ६३ कार्डांपर्यंतच जातो. तुमचा वर्ग ७५ चा, तेव्हा दोघांत एक कार्ड द्या, आणि कार्ड उचलण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहायचं, हा नियम करा. जाड कागदावर छापा, चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेरा वाचत नाही.

हेही नको असेल तर चार रंगांचे पुठ्ठे. झेरॉक्सवाल्याकडे रंगीत कागद मिळतात. 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचे, डोक्यावर नव्हे, म्हणजे मागच्याला दिसत नाहीत. एका नजरेत अंदाज येतो, मोजायची गरजच पडत नाही. कॅनडातल्या नथानिएल लास्री यांनी २००८ मध्ये क्लिकर आणि अशी कार्डं समोरासमोर ठेवून पाहिली. पद्धत तीच ठेवली तर शिकण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. क्लिकरचा खरा फायदा नोंदीचा: कोणत्या प्रश्नाला वर्ग कुठे होता, हे वर्षानुवर्षं साठतं. ते तुम्हाला नंतर हवंहवंसं वाटेल, आज नाही.

गुण द्यायचे का? बरोबर उत्तराला नको, कधीच नको. बरोबर उत्तराला गुण ठेवले की मुलं बोलणं थांबवतात, वर्गातल्या हुशार मुलाकडे बघून सगळे एकच बटण दाबतात, आणि तुमच्या हातात खोटा आकडा येतो. भाग घेतल्याबद्दल आयएसएमध्ये एखादा-दुसरा गुण ठेवायला हरकत नाही, तोही विभागात आधी ठरवून, लेखी. हजेरीसाठी तर वापरूच नका. ज्या दिवशी क्लिकरवर हजेरी सुरू होईल, त्या दिवशी एकेका हातात तीन यंत्रं दिसतील. नोंदीत नावांऐवजी रोल नंबर ठेवा. एफवायची बरीच मुलं अठराच्या आत असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बाहेरच्या कंपनीच्या ॲपमध्ये मुलांची नावं, फोन नंबर, ईमेल टाकण्याआधी प्राचार्यांशी बोला.

आणि पोर्शन. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एक प्रश्न नीट घेतला तर दहा-बारा मिनिटं जातात. तासाला दोन, फार तर तीन. तेवढं बोलणं कापावंच लागतं. मी व्याख्या, याद्या, वर्गीकरणाचे तक्ते वर्गात सांगणं सोडलं. ती पानं आदल्या दिवशी नेमून देते आणि तासाच्या सुरुवातीला त्यांवर एक सोपा प्रश्न विचारते. पहिले तीन आठवडे मुलं वाचून येत नाहीत. तेव्हा हार मानून पुन्हा सगळं सांगायला लागलात तर ती कधीच वाचणार नाहीत. चवथ्या आठवड्यापासून बदल दिसतो. चतुर्थीच्या सुट्टीनंतर घडी पुन्हा विस्कटते, तेव्हा पहिल्या तासाला नवीन काही न शिकवता फक्त चार प्रश्न घ्या.

प्रश्न कुठून आणायचे? तुमच्याकडे खाण आहे: आयएसएच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका. मुलांनी ज्या वाक्यांत चुका केल्या, ती वाक्यं तशीच्या तशी पर्याय म्हणून घ्या. शिक्षकाने बसून रचलेला चुकीचा पर्याय मुलं लगेच ओळखतात. वर्गमित्राच्या पेपरातला त्यांना आपलाच वाटतो.

तुमच्या विषयापुरता एक देते, ऑस्मॉसिसवरचा, सोमवारी वापरून बघा. आईने तोरं, म्हणजे छोट्या कैऱ्या, मिठाच्या पाण्यात घातली. काही दिवसांनी ती सुरकुतली. का? अ, मीठ आत शिरलं आणि आतलं पाणी त्याने शोषून घेतलं. ब, पेशींतलं पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे गेलं. क, मिठाने पेशीभित्तिका विरघळली. ड, तोरं पाण्यातच पिकली आणि आक्रसली. 'अ' आणि 'ब' मध्ये वर्ग दुभंगेल, आणि भांडण तिथेच व्हायला हवं. ते मिटलं की लगेच दुसरा प्रश्न टाका: मग बरणीत बुरशी आणि जिवाणू का वाढत नाहीत? दोन्ही मतांचे आकडे, आणि चर्चेत ऐकलेलं एखादं वाक्य, जमेल तर लिहून ठेवा आणि मला कळवा. 'क'ला अपेक्षेपेक्षा जास्त मतं पडली तर पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांतला गोंधळ अजून शिल्लक आहे असं समजा, आणि पुढचा तास तिथूनच सुरू करा.